जे केलं, ते त्याच्या नावावर लिहा: नव्या फौजदारांना खुलं पत्र

नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडणाऱ्या नव्या उपनिरीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सव्वीस वर्षं एका तालुका कोर्टात वकिली करते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं विधी सेवा समितीच्या पॅनलवर, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाजूने. दुपारी तीननंतर रिमांडचं, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही ते ठरवण्याचं काम निघतं, तेव्हा तुमच्या खात्याची माणसं एका बाजूला उभी असतात आणि मी दुसऱ्या. लवकरच तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यासमोर उभं राहील. त्याआधी एका वाक्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

ते वाक्य रिमांड अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात येतं. सदर आरोपी हा पारधी समाजाचा असून सराईत गुन्हेगार आहे, त्यास जामिनावर सोडल्यास तो पुन्हा गुन्हे करण्याची दाट शक्यता आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. एकदा ते ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्यावर आधीचा एकही गुन्हा दाखल नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, सराईत कशावरून? अर्ज घेऊन आलेले अंमलदार वयस्कर होते, मनाने वाईट नव्हते. सकाळी मुलाला स्वतःच्या पैशाने वडापाव त्यांनीच आणून दिला होता. ते म्हणाले, "साहेब, घराणंच तसं आहे."

कोर्टात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खाण तशी माती, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. पण सरकारी कागदावर, शिक्क्यासह, तेच लिहिलं जातं तेव्हा त्याचा अर्थ होतो की या माणसाने काय करायचं ते त्याच्या जन्माआधीच ठरलं होतं. माणूस स्वतःच्या कृतीचा धनी असतो की नसतो, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी हजारो पानं लिहिली. आपल्याकडे दैव, संचित, प्रारब्ध या शब्दांवर कीर्तनं झाली. ठाण्यात मात्र तो प्रश्न दोन ओळींत सुटतो आणि त्यावर एक माणूस आत जातो.

हे वाक्य खरं मानलं तर काय होतं ते बघा. चोरी जर रक्तातच असेल, त्या मुलाला दुसरं काही करताच येत नसेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? पुराने भिंत पाडली म्हणून आपण नदीला शिक्षा करत नाही. आणि जर तो दोषी असेल, म्हणजे त्याला चोरी न करणं शक्य होतं आणि तरी त्याने ती केली असं आपण म्हणत असू, तर मग घराणं मध्ये आणायचं कारण काय? दोन्ही गोष्टी एका अर्जात बसत नाहीत. तरी गेली दीडशे वर्षं आपण त्या बसवत आलो आहोत.

तुमच्याच खात्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगते. एप्रिल १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने राहत्या क्वार्टरमध्ये, दिवसाढवळ्या, कपडे धूत बसलेल्या बायकोच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला. ती गेली. खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. आधीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४, आताच्या न्याय संहितेचं कलम २२: कृत्य करताना मनाच्या विकारामुळे ज्याला आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, त्याचा तो गुन्हा होत नाही. न्यायालयाने काय काय पाहिलं? १९९२ पासून त्याच्यावर पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो पळाला नाही, काही लपवलं नाही. हेतू म्हणावा तर अगदी तकलादू. आणि आणखी एक गोष्ट न्यायालयाने नोंदवली: त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता, आणि या आजारात आनुवंशिकतेचा भाग असतो.

मला हा निकाल योग्य वाटतो. एक बाई जिवानिशी गेली हे विसरून मी हे म्हणत नाही. न्यायालयाने एका माणसाच्या मनात, त्या दिवशी, त्या क्षणी काय चाललं होतं ते कागद तपासून शोधलं, म्हणून तो योग्य वाटतो. पण आता ही दोन प्रकरणं शेजारी ठेवा. शिपायाच्या बाबतीत बापाकडून आलेली गोष्ट त्याच्या बाजूने मोजली गेली, आणि तीही डॉक्टरांच्या कागदपत्रांसह. माझ्या एकोणीस वर्षांच्या अशिलाच्या बाबतीत बापाकडून आलेली गोष्ट त्याच्या विरुद्ध मोजली गेली, तीही कुठल्याच कागदाशिवाय. एकाला वारशामुळे सूट मिळते आणि दुसऱ्याला त्याच वारशामुळे कोठडी, असा नियम कुठल्याही संहितेत नाही. तो आपल्या डोक्यात आहे.

तो आपल्या डोक्यात कुठून आला हे अकादमीत तुम्हाला शिकवलं असेल तर चांगलंच आहे. नसेल तर थोडक्यात सांगते, कारण ठाण्यातल्या काही वह्यांचं मूळ तिथे आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तर्क साधा होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार. सुरुवातीला तो उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, १९२४ मध्ये पुन्हा एकत्र करून पक्का केला. एकदा एखादी जमात अधिसूचित झाली की त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नसे. ज्यांची नोंद झाली त्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, पासाशिवाय हद्द सोडायची नाही. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. इकडे दंड संहिता सांगत होती की सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही, आणि सात ते बाराच्या मुलाची समज तपासून बघा. तिकडे पाळण्यातलं मूलही अधिसूचित जमातीचं.

१८७१ चा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचं खातं जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्याकडे होतं. दुसऱ्याच वर्षी, १८७२ मध्ये, त्यांनी भारतीय पुरावा कायदा लिहिला. आरोपीचं चारित्र्य वाईट आहे एवढ्यावरून त्याने हा गुन्हा केला असं धरता येत नाही, हे तत्त्व त्याच कायद्यात आहे. आज ते त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये तुम्हाला पाठ असेल. हेच स्टीफन पुढे इंग्लंडमध्ये मांडत होते की आजारामुळे ज्याचा स्वतःवरचा ताबाच सुटतो त्यालाही कायद्याने समजून घ्यावं. एका माणसाच्या मनाचा इतका बारीक विचार करणाऱ्या डोक्यासमोर लाखो माणसांचा प्रश्न आला, तेव्हा त्यांना एकेकाचं मन आहे हे त्याला दिसलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. कारण मी हे रोज बघते, आणि बघणारी माणसं स्टीफनइतकीच शिकलेली असतात.

१९११ च्या कायद्यात बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, म्हणून तर तुम्ही ते घेता. प्रत्येक माणूस वेगळा आहे याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नसेल. आणि तो घेतला गेला तो एका अख्ख्या जमातीला एकाच नावाखाली टाकायला.

आपल्या भाषेतही हे मुरलं आहे. 'भामटा' हा शब्द आपण सहज वापरतो. राज्याच्या विमुक्त, म्हणजे त्या कायद्याच्या शिक्क्यातून पुढे मुक्त झालेल्या, जातींच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यात भामटा हे एक नाव आहे. त्या जातीच्या मुलीने शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं आणि वर्गात कुणी कुणाला 'भामट्या' म्हटलं तर कुठे बघायचं? त्याच यादीत रामोशी आहेत. गावची राखण, रात्रीची जाग, गडाचा पहारा ही कामं पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे होती. चोरी झाली तर माग काढायची जबाबदारीही त्यांचीच. राखणदारी रक्तात होती की चोरी? जे राज्य आलं त्याने आपल्या सोयीचं उत्तर दिलं.

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आजही आहे. रिक्षावाले ते नाव घेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एक स्टॉप येतो. काटेरी तारेच्या आत माणसं ठेवून त्यांना गिरण्यांत कामाला पाठवलं जाई, त्या वसाहतीचं ते नाव आहे. देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. कागदावर तो जमातीचं नाव घेत नाही, एकेका माणसाच्या शिक्षा मोजतो. पण वस्तीकडे बघायची सवय काही रद्द झाली नाही.

त्या सवयीची किंमत कोण देतं? ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. एका कुटुंबातले पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. सहा मजूर पकडले गेले, भटक्या जमातीतले. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सहाही जणांना दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांच्या दिशेने तपास झालाच नव्हता. हे आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधायलाही सांगितलं.

सोळा वर्षं. त्या सहा जणांचा विचार करा, आणि त्या आईचाही करा. तिने बोट दाखवलं होतं. तिच्या घरच्यांना ज्यांनी मारलं ते मोकळे राहिले. 'घराणंच तसं आहे' हे वाक्य निरपराध माणसाला आत टाकतं, हे आपण बोलतो तरी. ते खऱ्या गुन्हेगाराला सोडून देतं हे कुणी बोलत नाही. तुम्ही तपास शिकून आला आहात, म्हणून तुम्हाला सांगते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मला तो प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने कधी ना कधी विचारला आहे: मॅडम, मग काय, परिस्थितीचे बळी म्हणून सगळ्यांना सोडून द्यायचं? ज्या बाईचं मंगळसूत्र ओढलं तिने काय करायचं?

नाही, सोडायचं नाही. माझ्या बाजूचे काही लोक म्हणतात की पालात जन्मलेल्या, आधार कार्ड नसलेल्या, दर चार महिन्यांनी गावाने हुसकावलेल्या पोराला निवड असतेच कुठे. त्यांचं दुःख खरं आहे, पण हे म्हणणं मला पटत नाही. त्यात आणि 'रक्तातच आहे' म्हणण्यात फार अंतर नाही. एकाने जन्माला जबाबदार धरलं, दुसऱ्याने परिस्थितीला. माणूस दोन्हीकडे गायब. परिस्थिती वाट अरुंद करते, फार अरुंद करते, आणि शिक्षा ठरवताना ते मोजायलाच हवं. फाशीबाबतच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत की गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा. पण वाट अरुंद असणं वेगळं आणि वाट नसणं वेगळं. त्याच पालातून शाळेत गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांनी काही निवडलं, हे त्यांच्याकडून काढून घेण्याचा मला हक्क नाही.

हे मला एका अशिलाने शिकवलं. त्याने एका विधवेची चार शेरडं चोरली होती. बाजारात विकताना सापडला. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या नावावर सहा गुन्हे होते, कारण त्या महिन्यातले पाच न उघडलेले गुन्हेही त्याच्यावर टाकून 'उघड' झाले होते. मी बचाव तयार करत होते, सगळंच नाकारायचं म्हणत होते. तो म्हणाला, "ताई, शेरडं मी नेली. ती बाई रडत होती ते मी पाहिलं. तेवढं माझ्या नावावर लिवा. जे म्या केलं न्हाई ते कुनाच्या नावावर लिवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं."

त्याने शेरडांच्या गुन्ह्याची कबुली दिली आणि शिक्षा भोगली. बाकीच्या पाचांतून सुटायला साडेतीन वर्षं लागली. तारखेला यायचं म्हणून दर महिन्याला मजुरी बुडत होती. शेरडांच्या शिक्षेबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. इतर पाचांबद्दल मात्र तो प्रत्येक तारखेला तेच विचारायचा: त्यांनी माझं नाव का घेतलं? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्याला तोंडावर सांगणं मला कधी जमलं नाही.

एखाद्या माणसाला त्याने केलेल्या गोष्टीसाठी जबाबदार धरणं हा त्याचा अपमान नाही. तू ठरवू शकत होतास, चुकीचं ठरवलंस, आता उत्तर दे, असं आपण फक्त माणसालाच म्हणतो. सुखवस्तू घरातला कुणी पतसंस्था बुडवतो, शेकडो म्हाताऱ्यांच्या ठेवी जातात, तेव्हा आपण त्याला एकट्याला पकडतो. त्याच्या आडनावाच्या सगळ्यांना रात्री उठवून ठाण्यात आणत नाही. काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे ही आडनावं पारध्यांतही आहेत आणि तुमच्या तुकडीतही असतील. तुमच्या मित्राला जे मिळतं तेच त्या मुलाला द्या, एवढंच मागणं आहे.

कायदा आता तुमच्या बाजूला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या प्रकरणात निकाल दिला. एका पत्रकार महिलेने ती याचिका केली होती. तुरुंगांच्या नियमावल्यांतून जात काढून टाकायला सांगतानाच न्यायालयाने पोलिसांनाही बजावलं आहे की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, त्यासाठी अटकेबाबतचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल आणि हिस्ट्रीशीटबाबतचा, म्हणजे ठाण्यात एखाद्यावर नजर ठेवायला ठेवलेल्या नोंदीबाबतचा, मे २०२४ चा निकाल पाळा. तो दुसरा निकाल स्वतः वाचा. मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढू नयेत, अशी काळजी त्यात आहे.

तुम्ही ठाण्यात हजर व्हाल तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणीतरी तुम्हाला हद्दीतल्या वस्त्या दाखवेल. ही पारध्यांची, इथे लक्ष ठेवावं लागतं साहेब. तेव्हा एकच विचारा: इथल्या कुणावर काय शाबीत झालं आहे, आणि कधी? नाव, गुन्हा, निकाल. ज्याच्यावर आहे त्याच्यावर लक्ष ठेवा, माझी हरकत नाही. मग एकदा दिवसा, गणवेशात, काही काम नसताना त्या वस्तीवर जा. बायका पोरांना घेऊन रानाकडे पळतील. पळाल्या म्हणून संशय घेऊ नका. त्यांच्या आज्यांनी हजेरी दिली आहे.

चॅप्टर केस करताना, म्हणजे सराईताकडून चांगल्या वागणुकीची हमी घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२९ चा कागद भरताना, शिक्षा झालेले गुन्हे आणि नुसते दाखल झालेले गुन्हे वेगळे लिहा. न उघडलेले गुन्हे महिन्याच्या शेवटी कुणाच्या तरी माथी मारायचा दबाव येईल. वरून येईल, मला ठाऊक आहे, आणि तुम्ही नवे असाल. त्या दिवशी शेरडंवाल्याचा प्रश्न आठवला तर बरं होईल.

आणि रिमांड अर्ज. पोलीस कोठडी मागायची तर मागा: मुद्देमाल जप्त करायचा आहे, साथीदार शोधायचा आहे, ओळख परेड घ्यायची आहे. कारणं असतील तर मी विरोध करूनही न्यायाधीश ती देतील, द्यावीच लागेल. त्यात समाजाचं नाव लागत नाही. एकाही कारणाला ते लागत नाही.

अर्जाची प्रत माझ्या हातात आली की मी शेवटचा परिच्छेद आधी वाचते.

आपली,
तालुका कोर्टातली एक वकील